एकच कॉपी

दुकानदाराने तीन डब्या काचेवर मांडल्या, तेव्हा धाकटीने कडेवरचं बाळ उगाचच दुसऱ्या कडेवर घेतलं.

"ही साधी हार्ड डिस्क. जागा भरपूर, पण हातातून पडली की संपलं. ही एसएसडी, पडली तरी चालते, खिशाला मात्र जड. आणि हा पेन ड्राइव्ह. हा आपला नेण्या-आणण्यापुरता. यावर कायमचं काही ठेवू नये."

"मला काय सांगता? हिला सांगा," थोरली हसत म्हणाली. "घरचं कॉम्प्युटरचं खातं आमच्या जाऊबाईंकडे. मी आपली पुसण्यापुरती."

थोरलीचा मुलगा शिकायला बाहेर निघाला होता. त्याचे लहानपणचे व्हिडिओ भरून द्यायचे, घरची आठवण आली तर बघेल, एवढंच तिच्या मनात. कॉम्प्युटरवर ते आहेतच, असं ती धरून चालली होती.

ते नव्हते. धाकटीला बाळ झाल्यावर त्याच्या व्हिडिओंनी कॉम्प्युटर भरत आला. बाळ झोपलेलं, बाळ जांभई देताना, बाळ परत झोपलेलं. एका दुपारी जागा हवी म्हणून धाकटीने त्या जुन्या व्हिडिओंचा फोल्डर पेन ड्राइव्हवर हलवला होता. कॉपी नाही, कट. आज सकाळी ड्राइव्ह लावला, तर कॉम्प्युटरने त्याला ओळखच दाखवली नाही.

"आत्ता सगळं कशावर आहे?" दुकानदाराने विचारलं.

"कॉम्प्युटरवर," थोरली म्हणाली.

धाकटीने पर्समध्ये हात घातला. लंगोटांच्या खालून ड्राइव्ह काढून काचेवर ठेवला.

"यावर आहे."

त्याने तो लावला. काढला, फुंकला, दुसरीकडे लावला. मग मान हलवली.

"आतली चिपच गेलीय. यातून काही निघायचं नाही. पण दुसरी कॉपी असेल ना?"

बाळाने थोरलीचा पदर मुठीत धरला.

"जागा नव्हती, ताई," धाकटी ड्राइव्हकडे बघत म्हणाली. "याचे व्हिडिओ..."

"कसले?"

"झोपलेले."

दुकानदार आधीच स्वच्छ असलेली काच पुसू लागला. थोरलीने पदर सोडवला नाही. तिने तीन डब्यांतली मधली उचलली.

"ही द्या. पडली तरी चालणारी." आणि धाकटीकडे न बघता, "याचे भर त्यात. झोपलेलेही भर. तेवढंच राहतं."

"ताई, मी..."

"आण त्याला इकडे. हात दुखले असतील तुझे."

रस्त्याने थोरली बाळाला घेऊन पुढे चालत होती. धाकटी डबी छातीशी धरून दोन पावलं मागे. कोपऱ्यावर थोरली थांबली.

"ते हलवताना एकदा तरी लावून बघितलं असशील ना गं? त्याचं पहिलं पाऊल?"

धाकटीने मान हलवली. होकारार्थीच हलली ती.

"मला आता नीट आठवत नाही बघ. उजवं टाकलं होतं त्याने, की डावं?"

समोरून एक सायकल गेली. धाकटीने त्या फोल्डरमधला एकही व्हिडिओ कधी उघडला नव्हता.

"डावं," ती म्हणाली.

"हो ना? मलाही तसंच वाटत होतं." थोरलीने बाळाचा घसरलेला मोजा वर ओढला. "बरं झालं, तू तरी बघितलंस."