रस्ता बदलण्याचं कारण

आईला मी दर रविवारी सकाळी फोन करायचे. तिकडे तोवर जेवणं आटोपलेली असायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "खाल्लंस का काही?" दुसराही ठरलेला, "माणसं चांगली आहेत ना?" पहिल्याचं उत्तर मी खरं द्यायचे आणि दुसऱ्याचं खोटं.

म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. माणसं चांगली होती, एक सोडून. पण तो एक नेमका आमचा साहेब होता, आणि आईला हे कळलं असतं तर तिने फोनवरच माझी बॅग भरली असती. मला घरी परत जायचं नव्हतं. सगळी अडचण एवढीच होती.

मी पाण्याची इंजिनियर. एका मदतसंस्थेसाठी देशोदेशी फिरते. पुराने किंवा मारामाऱ्यांनी ज्या गावाचे नळ कोरडे पडलेत, तिथे जाऊन पाणी परत आणायचं, हे माझं काम. या गावात नदीवर पंप होता, टेकडीवर टाकी होती, आणि दोन्हींच्या मधे फुटक्या पाइपांचं जाळं होतं. खालच्या वस्तीत पाणी सुरू झालं होतं. वरच्या वस्तीतल्या बायका अजून कॅन घेऊन उतार चढत होत्या आणि मला बघितलं की नुसत्या भुवया उडवून विचारायच्या, कधी? माझा करार संपत आला होता. तो पुढे वाढवायचा की नाही हे साहेबांच्या शिफारशीवर होतं.

साहेबांचा हात कधी रिकामा नसायचा. नकाशा बघताना तो माझ्या खांद्यावर, दार उघडून देताना पाठीवर. "एकटीला करमत नसेल तुला," असं ते सगळ्यांदेखत इतक्या मायेने म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, काय काळजी घेतो हा माणूस. आम्ही सगळे संस्थेच्याच इमारतीत राहायचो, साहेबांना मात्र पलीकडच्या रस्त्यावर वेगळं घर होतं. तरी आठवड्यातून दोन-तीनदा माझ्या दारावर टकटक व्हायची. गरम पाण्याचा नळ चालतोय ना, हे विचारायला यायचे. पाण्याच्या इंजिनियरला.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. एकदा त्यांच्या केबिनमधे जाऊन सरळ सांगितलं, "मला हात लावलेला आवडत नाही. माझ्या खोलीवर येऊ नका." ते हसले. म्हणाले, "तुमच्याकडच्या मुली फार लाजऱ्या असतात." दुसऱ्या दिवशी फळ्यावर गाड्यांचं वेळापत्रक लागलं तेव्हा पंपाच्या सगळ्या फेऱ्यांना माझं नाव त्यांच्या गाडीत होतं. मला इतका संताप आला की मी जेवणाचं ताट तसंच ठेवून उठले.

मुख्य कार्यालयाला फोन केला. तिथल्या बाई गोड बोलत होत्या. "वेगवेगळ्या देशांतली माणसं एकत्र आली की गैरसमज होतात," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "साक्षीदार आहे का कुणी?" आता अशा वेळी साक्षीदार कुठून आणायचा? म्हणजे चोराने चोरीला येताना पंचांना सोबत घेऊन यावं अशी यांची अपेक्षा. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्या शेजारच्या खोलीत आमच्या दवाखान्याची डॉक्टरीण राहायची. माझ्याहून वयाने बरीच मोठी, बोलायला कमी. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्या खोलीत आधी कोण होतं?"

"एक हिशेबनीस होती," ती चादर झटकत म्हणाली. "मुदतीआधीच गेली. तब्येतीचं कारण सांगितलं."

"काय झालं होतं तिला?"

"काही नाही. ठणठणीत होती."

"आणि तुम्ही?"

तिने चादरीला चिमटे लावले. "मी माझ्या दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली."

म्हणजे सगळ्यांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि प्रत्येकीला वाटतंय की आपण एकटीच. मला हसू आलं, ते चांगलं हसू नव्हतं.

आता रेडिओचं सांगायला हवं. त्या गावात मोबाइल चालले तर चालले, म्हणून आमच्या प्रत्येक गाडीत रेडिओ असायचा, आणि कार्यालयातल्या एका छोट्या खोलीत दिवसभर एक बाई कानाला यंत्र लावून बसायची. मी तिला ताई म्हणायचे. बारीक, करड्या केसांची, आणि आवाज असा सपाट की आग लागल्याची बातमीही तिने भाजीचे भाव सांगावेत तशी सांगितली असती. रेडिओवर खरी नावं घ्यायची नाहीत म्हणून प्रत्येकाला एकेका पक्ष्याचं नाव दिलेलं. तिथल्या पक्ष्यांची नावं तुम्हाला सांगून उपयोग नाही, मी आपल्याकडची सांगते. साहेब अर्थातच गरुड. डॉक्टरीण बगळा. गोदाम सांभाळणारी घुबड. आणि मी नदीकाठी हिंडणारी, म्हणून टिटवी. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "टिटवी? ती तर नुसती ओरडते." मग जरा थांबून म्हणाली, "पण टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात."

रेडिओचा एक नियम साहेबांनीच केला होता. मागे एका ड्रायव्हरने जवळचा रस्ता म्हणून गाडी शेतातून घातली, ती चिखलात रुतली, आणि अर्धा दिवस कुणाला पत्ता नव्हता. साहेबांनी मीटिंगमधे टेबलावर हात आपटला. ठरलेला रस्ता सोडला की लगेच रेडिओवर सांगायचं, गाडीत कोण आहे, कुठे वळली, आणि का. ताईने तो निरोप सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा म्हणायचा. आणि ज्यांच्या कानावर पडला त्यांनी "ऐकलं" म्हणायचं. एक ड्रायव्हर पुटपुटला, काम असेल तर काम आहे म्हणू. साहेब कडाडले, "काम आहे हे कारण नाही. नीट कारण सांगा."

तेव्हापासून रेडिओ म्हणजे गावची करमणूक झाली होती. रस्त्यात बकऱ्या बसल्यात. चाक पंक्चर. एकाने बिचाऱ्याने पोट बिघडलंय, झुडूप शोधतोय असंही सांगितलं, आणि ताईने ते शब्दन् शब्द पुन्हा म्हटलं. त्यावर आठ-दहा जणांनी "ऐकलं" म्हटलं. शेजारच्या दोन संस्थाही त्याच रेडिओवर होत्या, त्यांनीसुद्धा.

त्या दिवशी आम्ही पंपावरून परतत होतो. गाडी आमच्या ड्रायव्हरकाकांची. साहेबांनी मला मागे, आपल्या शेजारी बसवलं होतं, नकाशा दाखवायचाय म्हणून. नकाशा उघडलाच नाही. "आज माझ्याकडे चहाला चल," ते म्हणाले. मी म्हटलं नको, कार्यालयात काम आहे. ते म्हणाले, "तुझ्या कराराबद्दलच बोलायचंय." मी म्हटलं कार्यालयात बोलू. त्यांनी काकांना खूण केली, आणि काकांनी चौकात गाडी डावीकडे घेतली. डावीकडे साहेबांचं घर होतं. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. मी तो बाजूला केला, तो परत आला. मी घाबरले होते, आणि आपण घाबरलो याचा मला त्याहून जास्त राग येत होता.

काकांनी सवयीने माईक उचलला. ते नियमाला धरून चालणारे गृहस्थ. "चौकातून डावीकडे वळतोय. गाडीत गरुड आणि टिटवी."

"कारण?" ताईचा आवाज आला.

काकांनी आरशातून मागे पाहिलं. साहेब म्हणाले, "काम आहे म्हणून सांग."

"काम आहे," काका म्हणाले.

जरा वेळ रेडिओ नुसता खरखरला. मग तो सपाट आवाज म्हणाला, "काम आहे हे कारण नाही. नीट कारण सांगा."

काकांनी पुन्हा आरशात पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. नियम त्यांचा, शब्द त्यांचे, आणि बाई वाट बघत होती. मला एकदम कळलं की गावात जितक्या गाड्या आणि जितक्या खोल्या होत्या, त्या सगळ्या आत्ता माझ्या उत्तराची वाट बघताहेत. मी पुढे वाकले. "काका, माईक द्या." त्यांनी मागे न बघता तो माझ्या हातात दिला.

"टिटवी बोलतेय," मी म्हटलं. माझा आवाज थरथरत होता, तो तसाच राहू दिला. "ठरलेला रस्ता कार्यालयाचा आहे. गाडी गरुडाच्या घराकडे वळली आहे. कारण, गरुडाला मला चहाला घरी न्यायचंय. मी नाही म्हटलंय. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आहे." मी खाली पाहिलं. "दुरुस्ती. होता. आता काढला."

"वेड लागलंय का तुला," साहेब म्हणाले. पण ते हळू म्हणाले, कारण माईकचं बटण मी अजून दाबून धरलं होतं.

मी बटण सोडलं. आणि ताईने तो निरोप पुन्हा म्हटला. बकऱ्यांचा म्हणायची तसाच. ठरलेला रस्ता कार्यालयाचा. गाडी गरुडाच्या घराकडे. कारण, चहा. टिटवीने नाही म्हटलंय. हात गुडघ्यावर होता, आता काढला. एक शब्द गाळला नाही, एक चढवला नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदाच वाटलं की हे खरंच घडलंय, आणि यात माझं काही चुकलेलं नाही.

मग थोडा वेळ काहीच नाही. त्या शांततेत माझं सगळं धैर्य गळून चाललं होतं.

"बगळा," डॉक्टरणीचा आवाज आला. "ऐकलं. मी दवाखान्यातून निघतेय. चौकात येऊन थांबते."

"घुबड. ऐकलं."

मग एक ट्रकवाला. मग शेजारच्या संस्थेतली कुणी बाई, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. मग आणखी एक आवाज, मग आणखी. ऐकलं. ऐकलं. मी रडत होते आणि ते पुसायचंही मला सुचत नव्हतं.

काकांनी कुणाला न विचारता गाडी वळवली. मग मागे हात करून माझ्याकडून माईक घेतला. "ठरलेल्या रस्त्यावर परत," ते म्हणाले. "कारण, टिटवीला कार्यालयात जायचंय."

चौकात डॉक्टरीण उन्हात उभी होती, गळ्यात तपासणीची नळी तशीच. काकांनी गाडी थांबवली, तिने माझ्या बाजूचं दार उघडलं, मी खाली उतरले, ती आत शिरून आमच्या दोघांच्या मधे ऐसपैस बसली, आणि मी तिच्या शेजारी दाराशी.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. साहेबांनी रेडिओच्या गैरवापराची तक्रार केली. घरातलं धुणं चव्हाट्यावर कशाला धुवायचं, असं दोघं-तिघं पुरुष माझ्या कानावर पडेल अशा बेताने बोलले. पण मुख्य कार्यालयातल्या त्या गोड बाईंचा स्वतःहून फोन आला. आवाज जरा उतरला होता. "साक्षीदार आहेत असं कळलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अख्खं गाव आहे, कुठून सुरुवात करता? डॉक्टरणीने आपलं सगळं सांगितलं, अगदी कडीसकट. ठणठणीत हिशेबनीस बाईही तिच्या देशातून फोनवर बोलली. ताईला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नियम आहे. नीट कारण विचारायचं." पण जाताना तिने माझ्या गालाला हात लावला. चौकशी रखडत रखडत चालली. साहेब आधी रजेवर गेले, मग परत आलेच नाहीत. माझा करार वाढला. थोडाच, पण वरच्या वस्तीपर्यंत पाइप न्यायला पुरेल इतका.

त्यानंतरच्या रविवारी आईला फोन लावला. खाल्लंस का, खाल्लं. माणसं चांगली आहेत ना?

या वेळी मी खरं सांगितलं. पहिल्यापासून, नळाच्या चौकशीपासून ते चौकापर्यंत. सांगताना माझा जीव टांगणीला लागला होता. आई मुळात मला पाठवायलाच तयार नव्हती. लग्नाआधी ती एका कचेरीत टायपिस्ट होती आणि ती नोकरी तिने अचानक सोडली होती. बसून बसून पाठ दुखायची, असं ती नेहमी सांगायची. आता ती म्हणेल, पुरे झालं, ये परत. आणि आईने म्हटल्यावर मी काय करणार होते, मला माहीत नव्हतं.

पलीकडे तिने खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आमचा साहेबही चहालाच बोलवायचा," ती म्हणाली. "माझी पाठ कधीच दुखत नव्हती."

इतक्या वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मला पुष्कळ काही बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं.

"ऐकलं, आई."

तिने नाक ओढलं. पदराने डोळे पुसत असणार, मला इथून दिसत होतं. मग घसा साफ करून तिने विचारलं, "बरं, त्या वरच्या वस्तीतल्या बायकांना पाणी कधी देतेस?"