राखेत पुरलेलं पातं

पूर्णा गावात रेल्वे फाटकाजवळ मन्मथअप्पाचं वेल्डिंगचं दुकान होतं, अन् त्या दुकानात मेलेला लिंबाजी तीन वर्षांपासून हजेरी लावत होता. हसू नका! अप्पानं काहीही जोडून थंड व्हायला ठेवलं की मागून आवाज यायचा, "अप्पा, धरलं ना?"

लिंबाजीनं जिवंतपणी हेच विचारलं होतं. जनावरांचा चारा कापायच्या त्याच्या कडबाकुट्टीचं पातं अप्पानं वेल्डिंग करून दिलं तेव्हा. ते पोलाद लय कडक, जोडलं की थंड होताना आतल्या आत तडकणारं. त्या दिवशीही बारीक 'टिक्' झालं. अप्पानं ऐकलं, पण गिऱ्हाईकापुढं मान खाली जाईल म्हणून म्हणाला, "धरलं." तिसऱ्या दिवशी फिरतं पातं तुटलं अन् लिंबाजीच्या गळ्यात घुसलं.

आज भर दुपारी त्याची बायको धुरपताबाई तेच दोन तुकडे फडक्यात बांधून आली. "निजामाच्या काळातलं यंत्र हाय अप्पा, नवं पातं कुठंच मिळंना. तीन वर्सं कोयत्यानं कडबा तोडला, आता हात चालंना. जनावरं उपाशी हायेत. तुमीच जोडा."

खरं सांगून टाकावं का? छे! त्यानं गुमान भट्टी पेटवली.

या खेपेला वेल्डिंग नाही. रेल्वेतल्या एका फिटरनं सांगितलेली युक्ती त्यानं तीन वर्षं करवतीची पाती नासवून हाताला बसवली होती. पोलाद पुरतं वितळू द्यायचं नाही. पाकात आलेल्या गुळासारखं, ना घट्ट ना पातळ झालं की दोन्ही तुकडे पेचाच्या शिकंज्यात एकमेकांवर दाबायचे. अप्पानं पेच आवळला, पातं हळूहळू थंड व्हावं म्हणून गरम राखेत पुरलं अन् राखेजवळ कान नेऊन बसला.

"अप्पा, धरलं ना?" लिंबाजी अगदी मानेजवळ बोलला. अप्पानं मागं न बघता कान आणखी खाली नेला. दोन तास झाले तरी पातं तडकलं नव्हतं.

"तुमी काय ऐकायलाव?" धुरपताबाईनं विचारलं.

"तडकलं तर आवाज येतो, वैनी." बोलून गेला अन् त्यानं जीभ चावली.

बाईनं राखेकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "म्हंजी त्या दिवशी बी आला असंल."

आता खोटं रेटायचं बळ अप्पात नव्हतं. "आला होता."

ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. पदर खोचून उठली.

"पात्याला पाणी देऊन धार लावून ठेवा. उद्या सकाळी घरी येऊन तुमीच बसवा. पयली पेंढी बी तुमीच घाला, आमचे मालक जिथं उभं ऱ्हायचे तिथं उभं राहून."

"येतो, वैनी," अप्पा म्हणाला.