हिरव्या टोपीतले साहेब

ही १९९३ सालची गोष्ट. त्या वर्षी मे महिना संपत आला तरी विस्कॉन्सिनमध्ये उन्हाळ्याचा पत्ता नव्हता. लायलॅकची जांभळी फुलं उमलली होती, पण सरोवरावरून असा वारा सुटायचा की मैदानाच्या कडेला बसलेल्या आया गोधड्या पांघरून दुर्बिणीतून आपापल्या मुली बघायच्या. तेव्हा खिशात मावणारे फोन नव्हते. फुटबॉलच्या सामन्यात मुलीने गोल केला तर तो तिथे हजर असलेल्यांनी बघितला तेवढाच. बाकीच्यांना तो तिच्या आईकडून ऐकावा लागे, आणि आई सांगायला लागली की गोल दर आठवड्याला थोडा लांबून मारला जाई.

केटल क्रीक गावातल्या मार्लिस हॉफस्टेटरला ही सोय नव्हती. तिची कॅरिन गोल करतच नसे. ती डाव्या बाजूची बचावपटू. तिचं सगळं काम काहीतरी घडू न देण्याचं, आणि जे घडलंच नाही ते शेजारणींना रंगवून सांगणार कसं? ग्लोरिया फिस्टरचं तसं नव्हतं. तिची स्टेसी आघाडीला खेळायची, दर सामन्यात एखादा तरी गोल ठोकायची, आणि ग्लोरियाने त्या सगळ्या गोलांची एक व्हिडिओ कॅसेट तयार करून घेतली होती. मागे ट्रम्पेट वाजत होते.

कॅरिनला कॉलेजात खेळायचं होतं. बाकी कशाबद्दल ती फारशी बोलत नसे, पण हे तिने आईला दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तिचे कान लाल झाले होते. त्या काळात कॉलेजं मुलींचे संघ नव्याने उभे करत होती. कॅरिनने हिवाळाभर पत्रं लिहिली. एकाच कॉलेजाकडून पोस्टकार्ड आलं, राज्याच्या उत्तरेकडच्या मिशिकॉट लेक कॉलेजाकडून. ‘शनिवारी सकाळच्या सामन्याला येऊ.’ खाली सही होती, ती कोणालाच वाचता आली नाही.

आता यात एक मेख होती. कॉलेजांच्या संघटनेचा कडक नियम होता, की मुलगी अकरावी संपवून पहिली जुलै उजाडेपर्यंत कॉलेजच्या प्रशिक्षकाने तिच्याशी किंवा तिच्या घरच्यांशी बोलायचं नाही. समोरासमोर आलेच तर ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं आणि पुढे चालू लागावं. त्यामुळे मैदानावर जो माणूस कोणाशी बोलत नाही, तोच महत्त्वाचा, हे केटल क्रीकच्या सगळ्या आईबापांनी पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी व्हॅनमधून उतरताना कॅरिन म्हणाली, “आई, एकच मागते. आज ओरडू नकोस.”

“मी कधी ओरडते?”

गाडीतून घडीच्या खुर्च्या काढणारा व्हर्लिन, म्हणजे मार्लिसचा नवरा, खोकला. तो दुधाचा टँकर चालवायचा आणि दिवसाला चारदोन वाक्यांवर भागवायचा. घरातली बोलण्याची बाजू मार्लिसने सांभाळली होती. शाळेच्या जेवणघरात वाढायला उभं राहून राहून तिचा आवाज असा तयार झाला होता, की एकदा गावातला आगीचा भोंगा बंद पडला तेव्हा कोणीतरी म्हणालं, “मार्लिसला बोलवा,” आणि त्यावर सगळेच काही हसले नव्हते.

“शप्पथ,” मार्लिस म्हणाली. “आज तोंडातून चकार शब्द नाही.”

सामना सुरू व्हायला थोडा वेळ होता. तेवढ्यात ग्लोरियाने तिच्या कोपराला चिमटा काढला.

“अगं, कोपऱ्यात बघ. एकदम बघू नकोस!”

मार्लिसने एकदम बघितलं. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात एक जाडजूड गृहस्थ आपली खुर्ची उघडून बसत होते. डोक्यावर हिरवी टोपी, टोपीवर पांढरा सारस. मिशिकॉट लेक कॉलेजाचं चिन्ह! हातात पेन्सिल, मांडीवर कागद.

“आले,” मार्लिस कुजबुजली. म्हणजे तिच्या मानाने कुजबुजली. दोन कुत्र्यांनी माना वळवल्या.

ग्लोरिया तरातरा तिकडे गेली आणि परत आली. “मी म्हटलं, गुड मॉर्निंग. नुसती मान हलवली. तोंड उघडलं नाही, मार्लिस! केवढा शिस्तीचा माणूस!”

“आणि तुझ्या हातातली कॅसेट कुठे गेली?”

“त्यांच्या खुर्चीखाली ठेवली. खाली ठेवायला बंदी नाहीये.”

“स्टेसीसाठी नाही आले ते. कॅरिनसाठी आलेत.”

“अगं, डोळे आहेत ना त्यांना? गोल झाला तर काय डोळे मिटून घेतील?”

मार्लिसला हे झोंबलं. व्हर्लिनने तोवर शेगडी पेटवून ब्रॅटवुर्स्ट सॉसेज भाजायला घेतले होते. त्या भागात त्याशिवाय मैदानावर जाणं म्हणजे चर्चला अनवाणी जाण्यासारखं. मार्लिसने त्यातला सगळ्यात टपोरा उचलला, पावात घातला, वर मोहरी आणि आंबट कोबी रचला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

“जा, साहेबांना देऊन ये. बोलू नकोस.”

“मी?” व्हर्लिन म्हणाला, आणि गेला. त्या कामाला त्याच्याइतका लायक माणूस तालुक्यात नव्हता. साहेबांनी सॉसेज घेतला, मान हलवली, खाल्ला. मग ग्लोरियाने बटाट्याचं सॅलड पाठवलं. तेही खाल्लं. दुसऱ्या एका आईने केक पाठवला. साहेबांनी पट्टा सैल केला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

“काय लिहिलं असेल गं?”

“‘घरचे चांगले’ असं असेल.”

एवढ्यात व्हॅनच्या आडोशाला, वारा कमी लागतो तिथे, एक किडकिडीत बाई येऊन उभी राहिली. विटका रेनकोट, हातात थर्मास. “गुड मॉर्निंग,” ती म्हणाली आणि गप्प झाली.

मार्लिसने तिला लगेच ओळखलं, निदान तिला तसं वाटलं. संघात जोडी नावाची गोलकीपर होती, तिच्या बापाने नुकतंच दुसरं लग्न केलं होतं आणि नवी बायको आज पहिल्यांदा सामना बघायला येणार अशी गावभर चर्चा होती. बिचारी! सावत्र मुलगी, परकं गाव, कोणी ओळखीचं नाही. मार्लिसचं मन भरून आलं.

“अगं, अशी परक्यासारखी उभी काय राहतेस? ये, बस इथे!”

बाईने मान हलवून नको म्हटलं आणि दोन पावलं मागे सरकली. मार्लिसने तिची बाही धरून तिला खुर्चीत बसवलं. हातात चाकू दिला, मांडीवर संत्र्यांची पिशवी ठेवली. मध्यंतरात मुलींना संत्र्याच्या फोडी द्यायच्या हा तिथला रिवाज. पाळी आळीपाळीने येई आणि आज हॉफस्टेटरांची होती.

“मनात काही आणू नकोस. हात कामात असले की बुजल्यासारखं होत नाही.”

बाईने तोंड उघडलं, मग मिटलं. एकदा ती उठायलाही गेली, पण मांडीवर संत्री होती. शेवटी सुस्कारा टाकून ती फोडी करायला लागली.

“इतक्या जाड नको गं. मुलींनी खायच्या आहेत, घोड्यांनी नाही.”

सामना सुरू झाला. मार्लिसने शपथ पाळली. ओरडली नाही. पण आत दाबलेलं सगळं कुठेतरी निघायला हवं होतं, ते शेजारच्या बाईच्या कानात निघालं.

“ती चार नंबरची माझी. पळायला सुरुवात करताना जरा जड आहे, माझ्यावर गेलीय. पण एकदा निघाली की थांबत नाही. बघ, आता ती आत सरकेल, स्टेसी बॉल घालवणार आहे म्हणून. घालवला! बघितलंस? आणि त्या कोपऱ्यातल्या हिरव्या टोपीवाल्याला यातलं काही दिसतंय का, देव जाणे. ही कॉलेजची माणसं घुबडासारखी नुसती बसून असतात. मला विचारशील तर निम्म्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही.”

बाईला ठसका लागला. मार्लिसने तिच्या पाठीत दणका दिला आणि कॉफी पाजली.

मध्यंतर झालं, संत्री संपली, स्टेसीने एक गोल केला. ग्लोरियाने कोपऱ्याकडे बघून आपणच गोल केल्यासारखे हात उंचावले. समोरच्या संघानेही एक गोल फेडला. आणि मग, सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना, हिरव्या टोपीतले साहेब उठले. त्यांनी खुर्ची मिटली, कागद खिशात घातला आणि चालायला लागले.

“चालले!” मार्लिसच्या तोंडून निघालं. “अहो साहेब! अजून संपलं नाहीये!”

ते थांबले नाहीत. मार्लिसने गोधडी फेकली आणि धावत सुटली. त्यांच्यापर्यंत जायचा सरळ रस्ता मैदानातून होता. तिने तोच घेतला.

“चार नंबर, साहेब! चार नंबर बघा!”

तो आवाज शेजारच्या दोन मैदानांवर पोचला आणि तिथलेही सामने थबकले. रेफरीने शिट्टी फुंकली. तो विशीतला पोरगा होता. मार्लिससमोर येऊन त्याने खिशातून पिवळं कार्ड काढलं, जरा विचार केला आणि परत ठेवलं.

“बाई, तुम्ही कोणत्या संघातून खेळताय?”

दोन्हीकडच्या मुली पोट धरून हसत होत्या. कॅरिन हसत नव्हती. ती मागून शांतपणे चालत आली आणि तिने आईच्या कोपराला धरलं.

“चल, आई.”

“अगं, तो चाललाय! तुझा साहेब चाललाय!”

“जाऊ दे. तू इकडे ये. पाय बघून टाक, ओलं आहे.”

“मी ओरडले.”

“हो. पण एवढा वेळ छान गप्प होतीस.” तिने आईला खुर्चीत बसवलं, गोधडी नीट खोचली आणि शेजारच्या रेनकोटवाल्या बाईला म्हणाली, “जरा हिच्याकडे लक्ष ठेवाल?”

बाईने मान हलवली.

कॅरिन परत गेली. जाता जाता तिने हसणाऱ्या गोलकीपरला तिच्या जागेवर उभं केलं, उजवीकडच्या मुलीला हाताने मागे घेतलं. रेफरीने खेळ सुरू केला. समोरचे त्या गोंधळाचा फायदा घेऊन थेट गोलवर चालून आले, आणि कॅरिन आधीच तिथे उभी होती. तिने बॉल काढून घेतला, दूर मारला आणि पाठ फिरवली. काही घडलंच नाही. सामना बरोबरीत सुटला.

पण कडेच्या आयांपैकी ते कोणी बघितलंच नाही. सगळ्या कोपऱ्याकडे बघत होत्या. तिथे हिरव्या टोपीतले साहेब निळ्या प्लास्टिकच्या फिरत्या संडासांच्या रांगेपाशी पोचले होते आणि टाकीच्या ट्रकवरून जाड नळी उलगडत होते.

ग्लोरियाला आधी कंठ फुटला. “माझी कॅसेट!”

ती तिकडे धावली. साहेब आता अगदी मोकळेपणाने बोलले. त्यांचं नाव गस ट्रेटो. टोपी चर्चमधल्या जुन्यापान्या वस्तूंच्या विक्रीतली. कामाची वेळ होईपर्यंत ते शब्दकोडं सोडवत बसले होते. “बाई, तुमच्या गावासारखं गाव बघितलं नाही. टाक्या उपसायला आलेल्या माणसाला सॉसेज काय, केक काय! मला तर लाजेने बोलताच येईना.”

“मग पोस्टकार्ड पाठवणारा माणूस कुठे आहे?” ग्लोरियाने परत येऊन हे सांगितल्यावर मार्लिसने विचारलं.

रेनकोटवाली बाई उठली. तिने चाकू पुसून मार्लिसच्या हातात दिला, “गुड मॉर्निंग,” म्हणाली, दुपार होत आली होती तरी, आणि आपल्या गाडीकडे गेली. गाडीच्या मागच्या काचेवर हिरवा कागद चिकटवला होता. त्यावर पांढरा सारस होता.

व्हर्लिनने तो बघितला, बायकोकडे बघितलं आणि त्या दिवसाचं शिल्लक वाक्य खर्च केलं. “ती जोडीची सावत्र आई नव्हती वाटतं.”

जूनभर हॉफस्टेटरांच्या घरात कोणी संत्रं आणलं नाही. मार्लिस शाळेत एवढी हळू बोलायला लागली की मुलं दोनदा वाढून घेत. कॅरिनने आईला एका शब्दाने दुखावलं नाही, आणि तेच मार्लिसला जास्त लागत होतं. पोरीने सगळा हिवाळा पत्रं लिहिली आणि आईने ती सगळी मैदानाच्या मधोमध पुसून टाकली.

पहिल्या जुलैला सकाळी फोन वाजला. मार्लिसनेच उचलला.

“मिसेस हॉफस्टेटर? मी नेल ऑस्ट्रॅन्डर, मिशिकॉट लेक कॉलेज. आजपासून मला बोलायची परवानगी आहे. तर आधी हे सांगते, मला संत्री कापता येतात.”

मार्लिसने फोन दुसऱ्या कानाला लावला. “तुम्ही... तुम्ही उठून का गेला नाहीत हो?”

“दोनदा प्रयत्न केला. आणि खरं सांगू का? आम्हाला मैदानावर सगळे लांबून नमस्कार करतात. पाठीत दणका आजवर कोणी दिला नव्हता.”

“मी घुबड म्हटलं ते...”

“ते सोडा. मला बचावाला अशी मुलगी हवी, की सगळे घाबरलेले असताना जी आवाज न चढवता एकेकाला जागेवर बसवेल. अशी मुलगी खेळताना ओळखणं अवघड. तुम्ही मैदानात आलात म्हणून मला ती दिसली. आता कॅरिनला फोन द्या.”

मार्लिसने फोन बाजूला धरला आणि हाक मारली. गल्लीच्या टोकाला पोस्टमनची सायकल घसरली.

कॅरिन तिथे चार वर्षं खेळली. शेवटच्या वर्षी संघाची कप्तान होती. एकही गोल केला नाही. आता ती इस्पितळाच्या अपघात विभागात नर्स आहे आणि घाबरलेल्या नातेवाइकांना कोपराला धरून बाहेर बसवते. स्टेसीला दक्षिणेतल्या एका कॉलेजाने घेतलं, गुडघा दुखावल्यावर ती परत आली आणि शाळेत मुलींना फुटबॉल शिकवू लागली. गस ट्रेटोने ती कॅसेट परत करायच्या आधी घरी तीनदा बघितली होती. पुढे कित्येक वर्षं तो स्टेसीच्या शाळेच्या सामन्यांना येऊन कोपऱ्यात बसायचा, आणि नवे आईबाप त्याला बघून कुजबुजायला लागले की ग्लोरिया त्यांना काही सांगत नसे. जोडीची खरी सावत्र आई पुढच्या शनिवारी आली. तिच्याशी कोणी बोलायला धजावलं नाही. नेल ऑस्ट्रॅन्डर निवृत्त झाली तेव्हा केटल क्रीकहून संत्र्यांची पेटी गेली, सोबत पातळ पात्याचा चाकू.

व्हर्लिन आठ वर्षांपूर्वी गेला, बोलता बोलता नाही, अर्थातच. मार्लिस अजून आहे. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती थोडं मोठ्याने बोलते. नातीच्या सामन्याला गेली की कॅरिन तिला खुर्चीत बसवते, गोधडी खोचते आणि शेजारी जी कोणी अनोळखी बाई गप्प बसलेली असेल तिला सांगते, “जरा हिच्याकडे लक्ष ठेवाल?”