पाच बरण्या, चार पिशव्या

आर्डिथ नेपियरने एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरांना जेवू घातलं, आणि त्यातलं एकही पोर कधी अर्धपोटी वर्गात परत गेलं नाही. हे ती स्वतःहून कुणाला सांगत नसे. सांगायची गरजच काय? केंटकीच्या त्या डोंगराळ भागात चाळिशीच्या आतला कुणीही भेटला, की आधी टोपी काढायचा आणि मग तिच्या मक्याच्या पावाची आठवण काढायचा. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या, बँकेतली बाई, खुद्द शेरीफसाहेब, सगळे तिच्या हातचं खाऊन वाढलेले.

म्हणूनच फ्लोरिडाच्या सहलीचं घोडं जेवणापाशी अडलं तेव्हा तिला रागच आला.

तिची नात रेली सहा वर्षांची होती तेव्हापासून एकच हट्ट धरून बसली होती. फ्लोरिडातल्या त्या अवाढव्य थीम पार्कमध्ये जायचं, आणि तिथल्या किल्ल्यात राजकन्येच्या पंगतीला बसून जेवायचं. आता ती अकरा वर्षांची होती. आणखी एखाद्या वर्षाने राजकन्येचं नुसतं नाव काढलं तरी लाजली असती. तेव्हा जायचं तर याच उन्हाळ्यात. सुनेने, मिस्टीने, तिकिटं आणि हॉटेल कसंबसं जमवलं, पण आतल्या उपाहारगृहांचे दर बघून तिने कपाळाला हात लावला. चौघांनी तीन दिवस आत खायचं म्हटलं तर आणखी एका सहलीचा खर्च.

"किल्ल्यातलं जेवण रद्द करावं लागणार," ती म्हणाली. "दोन्ही नाही जमायचं."

"रद्द कशाला?" आर्डिथ म्हणाली. "तिकिटं तुम्ही काढा. पोटं माझ्याकडे. ती पंगत सोडून तीन दिवसांत एक घास जरी विकत घ्यावा लागला, तर खुशाल मला नावं ठेव."

"मॅमॉ, तिथे काय पिशव्या घेऊन हिंडणार का आपण?" रेली आजीला मॅमॉ म्हणायची, म्हणून सगळं घरच म्हणायचं. "लोक काय म्हणतील?"

"लोक जेवायच्या रांगेत उभे असतील. त्यांना बोलायला वेळ कुठला?"

मिस्टी हसली, पण अट घालायला विसरली नाही. एक जरी जेवण विकत घ्यावं लागलं, तरी किल्ल्यातली जागा सोडून द्यायची. पंगत तिसऱ्या दिवशी संध्याकाळची होती आणि आदल्या दिवसापर्यंत सोडता येत होती. आर्डिथने मान डोलावली. कालची सून आपल्याला अटी घालते याचं तिला थोडं कौतुकही वाटलं.

मिस्टीचं आणि सासूचं तसं बरं होतं. फक्त एका बाबतीत मिस्टी तिला सुखाने जगू देत नसे. आर्डिथ पावाची रिकामी पिशवी कधी टाकत नसे. धुवायची, नळावर उलटी वाळवायची, तीन घड्या घालायची आणि पर्समध्ये ठेवायची. "मॅमॉंच्या पर्समध्ये पैशांपेक्षा पिशव्या जास्त," असं मिस्टी चर्चमध्येसुद्धा चारचौघांत सांगायची आणि आर्डिथही सगळ्यांबरोबर हसायची.

निघण्याआधी आर्डिथने पार्कला तीनदा फोन केला. तीन वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे तीन वेगवेगळी माणसं उचलतील. घरचं खाणं आत आणता येतं का? तिघांनीही हो म्हणून सांगितलं. मग तिने कंबर कसली. डुकराच्या हाडावर रटरट शिजवलेला घेवडा, बेकन घातलेली फरसबी, दालचिनी घातलेली सफरचंदं, केळ्याचं पुडिंग, मक्याचे पाव, हॅम भरलेले घरचे मऊ बिस्किट-पाव. बर्फाच्या पेट्या गाडीत चढवताना तिचा मुलगा डेल्बर्ट म्हणाला, "मम्मी, आपण सहलीला चाललोय की लढाईला?" तेरा तास गाडी चालवून ते पोचले, गाडी हॉटेलातच ठेवली, कारण पार्कमध्ये ती नुसती उभी करायलाही पैसे पडत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या फुकटच्या बसने साडेआठला दारात हजर झाले.

तपासणीच्या टेबलाशी ओडालिस नावाची पाटी लावलेली पन्नाशीची बाई होती. तिने आर्डिथची पिशवी उघडली, आत हात घातला आणि एकेक करत पाच काचेच्या बरण्या टेबलावर मांडल्या.

"बाई, काच आत नेता येत नाही."

"काच कुठे? घेवडा आहे तो."

"घेवडा जाऊ दे की. माझं काही म्हणणं नाही. बरणी नाही जायची."

"मी तीन वेळा फोन केला होता."

"काचेचं विचारलंत?"

नव्हतं विचारलं. विचारावं असं डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या डोंगरात प्रत्येक घरात एक भिंत बरण्यांची असते. उन्हाळ्यातलं सगळं पीक बरणीत जातं आणि हिवाळाभर बरणीतून ताटात येतं. मेलेल्या माणसाच्या घरी बरणी पाठवतात, बाळंतिणीला बरणी पाठवतात. तिच्या लेखी घेवडा म्हणजे बरणीतलाच. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलेलं अन्न तिला शिळ्यासारखं लागायचं. एकोणतीस वर्षं चारशे पोरांचा स्वयंपाक बिनचूक सांभाळणारी बाई एवढ्याशा गोष्टीत चुकली होती, तेही सुनेसमोर.

ओडालिसने शेजारचं मोठं कचऱ्याचं पिंप दाखवलं. त्यात आधीच कुणाकुणाच्या बाटल्या पडल्या होत्या. "नाहीतर हॉटेलात ठेवून या."

बस उभी होती, पण ती नऊला परत जायची आणि मग थेट रात्रीच यायची. बरण्या परत पाठवल्या तर जेवण गेलं. बिस्किट-पाव आणि मक्याच्या पावावर चौघांचं दुपारचं आणि रात्रीचं भागत नव्हतं. म्हणजे विकत घेणं आलं. आणि विकत घेतलं की किल्ला गेला.

मिस्टी नुसती त्या पिंपाकडे बघत राहिली. 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं ती बोलली असती तर आर्डिथला बरं वाटलं असतं.

"मम्मी, इथेच बसून संपवून टाकू," डेल्बर्ट म्हणाला.

"आत्ता तर न्याहारी केलीस."

"म्हणून काय झालं?"

भिंतीपलीकडे किल्ल्याचे निळे कळस दिसत होते. रेली तिकडे पाठ करून उभी राहिली. "मॅमॉ, राहू दे ना. मला नाही बसायचं राजकन्येपाशी. ते लहान मुलांचं असतं."

पोर खोटं बोलत होती, आणि ते खोटं ती आजीचा मान राहावा म्हणून बोलत होती. आर्डिथच्या काळजाला ते जितकं लागलं तितकाच तिला नातीचा अभिमानही वाटला. असलं मन असलेल्या पोरीला पंगतीवाचून परत न्यायचं?

शाळेत एकदा वीज गेली होती. एकदा दुधाची गाडी बर्फात अडकली होती. एकदा दोन मदतनीस बायका एकाच दिवशी आजारी पडल्या होत्या. तरी सव्वाअकराची घंटा झाली तेव्हा ताटं वाढलेली होती. आर्डिथने पर्स उघडली.

"डेल्बर्ट, पळ. त्या बसवाल्याला सांग, रिकाम्या बरण्या न्यायच्यात, बरण्या चढल्याशिवाय निघू नकोस. हे दोन बिस्किट-पाव घे, एक त्याला दे. दुसराही त्यालाच दे, तू खाऊ नकोस! रेली, इकडे ये. पिशवीचं तोंड धर. दोन्ही हातांनी. मनगटावर दुमड."

"मॅमॉ, पावाच्या पिशवीत?"

"पोटात गेल्यावर घेवड्याला काय ठाऊक तो कशातून आला?"

पळी होतीच. आर्डिथ पळीशिवाय घराबाहेर पडत नसे. दाराबाहेरच्या बाकावर तिने पहिली बरणी उघडली आणि थंडीने घट्ट झालेला घेवडा पिशवीत सोडला. एक थेंब बाहेर पडला नाही. हाडाचा, मिऱ्याचा वास रांगेवरून गेला. माणसं वळून बघायला लागली. गुलाबी कानांची टोपी घातलेल्या एका बाईने फोन काढून चित्रणसुद्धा सुरू केलं. मिस्टीचा चेहरा लालबुंद झाला आणि ती दुसरीकडे बघायला लागली. आर्डिथने मान वर करून फोनवालीकडे पाहिलं आणि पुन्हा पळी चालवली. लाजायचं काय त्यात? चोरीचं होतं का?

दुसरी बरणी घेवड्याचीच. तिसरी फरसबी. चौथी सफरचंदं. प्रत्येक पिशवीतली हवा दाबून काढायची, पीळ द्यायचा, गाठ मारायची. पाचवी बरणी पुडिंगची होती. आर्डिथने पर्समध्ये हात घातला. कोपरे चाचपले, अस्तराच्या आत बोटं घातली. पिशव्या संपल्या होत्या.

"सफरचंदातच घाला की," रांगेतून कुणीतरी सुचवलं.

"माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही," आर्डिथ म्हणाली.

नऊला पाच मिनिटं होती. बसवाला हॉर्न वाजवत होता. आणि तेवढ्यात शेजारी चेन ओढल्याचा आवाज झाला. मिस्टीने आपली चांगल्यातली तपकिरी चामड्याची पर्स उघडली होती. मान खाली घालून तिने आतल्या कप्प्यातून काहीतरी काढलं आणि रेलीच्या हातात दिलं.

पावाची पिशवी होती. धुतलेली. तीन घड्या घातलेली.

आर्डिथने ती घडी ओळखली. तिने पळी उचलली. पुडिंग पिशवीत गेलं, बरण्या बसमध्ये गेल्या. ओडालिसने पाच पिशव्या एकेक करून हातात घेतल्या, दाबून पाहिल्या आणि परत दिल्या.

"जा," ती म्हणाली. आणि मग जरा खाली वाकून, "उद्या काय आणणार?"

"उद्याच बघ," आर्डिथ म्हणाली.

दुपारी एका झाडाच्या सावलीत त्यांनी कागदी ताटल्या मांडल्या. पलीकडे बर्गरच्या खिडकीशी पन्नास माणसं उन्हात उभी होती. मक्याच्या पावाच्या तुकड्यावर घेवडा, बाजूला फरसबी, वर सफरचंदं. काउंटरवर फुकट मिळणारं बर्फाचं पाणी रेलीने चार खेपा करून आणलं. मिस्टीने दोनदा घेवडा मागून घेतला. रात्री हॉटेलच्या बेसिनमध्ये पाचही पिशव्या धुतल्या गेल्या आणि पलंगाशेजारच्या दिव्यावर उलट्या टांगल्या गेल्या. खोलीत शिरताना डेल्बर्ट ते बघून म्हणाला, "घरी आल्यासारखं वाटलं." दुसऱ्या दिवशी त्याच पिशव्या, तिसऱ्या दिवशीही त्याच. पहिल्या दोन दिवसांत मिस्टीने पंगत सोडून द्यायचा विषय एकदाही काढला नाही. काढायचं कारणच उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते किल्ल्यात बसले.

राजकन्या टेबलाशी आली तेव्हा रेलीने आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही असा चेहरा केला. तो चेहरा तिने दोन सेकंद टिकवला. मग राजकन्येने तिचं नाव विचारलं आणि पोरीने तिचा हात जो धरला तो सुटता सुटेना. डेल्बर्टने मोठ्याने नाक शिंकरलं. आर्डिथला वाटलं, चारशे पोरांना जेवू घातलं ते सगळं एका पारड्यात आणि हे एक पोर दुसऱ्यात. तिचं मन इतकं भरून आलं होतं की ताटातली फरसबी दातांखाली करकरली तरी तिने आचाऱ्याला मनातल्या मनातसुद्धा फारसं काही म्हटलं नाही.

फक्त एक गोष्ट तिला छळत होती. टेबलाच्या मधोमध, संपली की पुन्हा भरून मिळणाऱ्या टोपलीत, सहा मऊ पाव तसेच उरले होते. इथून उठलं की ते फेकले जाणार. आर्डिथने दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ठेवले. आजची संध्याकाळ मिस्टीची होती. तिने नवा ड्रेस घातला होता, केस वर बांधले होते. आज तिला खाली बघायला लावायचं नाही असं आर्डिथने स्वतःला बजावलं होतं. पण नजर काही ऐकत नव्हती. ती आपली पुन्हा टोपलीकडे जायची.

मिस्टीने सासूकडे पाहिलं. मग टोपलीकडे पाहिलं. तिने मांडीवरची पर्स उघडली.

"रेली," ती हळूच म्हणाली, "टेबलाखाली शिर. तोंड धर."

रेलीने पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि मनगटावर दुमडलं. सहा पाव एकापाठोपाठ एक टेबलक्लॉथच्या मागे नाहीसे झाले.

"कधीपासून गं?" आर्डिथने विचारलं.

मिस्टीने पर्सची चेन ओढली. "डेल्बर्ट कामाला होता ती खाण बंद पडली होती ना, त्या हिवाळ्यापासून. तुम्ही दर रविवारी पिशवीतून मक्याचा पाव पाठवायचात. पाव संपायचा. पिशवी टाकायला माझा हात व्हायचा नाही."

"मग मला हसायचीस कशाला?"

"हसू नको तर काय रडू, मॅमॉ?"

आर्डिथने सुनेच्या हातावर हात ठेवला. शाळेतून निवृत्त झाली त्या दिवशी तिला पितळी फलक मिळाला होता, तो घरी फ्रीजच्या वर होता. आज वाटलं ते तेव्हा वाटलं नव्हतं.

टेबलाखालून रेलीचं डोकं वर आलं. पिशवीला गाठ मारून झाली होती, घट्ट, पीळ देऊन. "मॅमॉ, उद्या गाडीत यात हॅम घालशील?"

"मी कशाला? तुझी आई घालेल."

मग आर्डिथने रिकामी टोपली उचलली, ताठ बसली, आणि एकोणतीस वर्षं शाळेच्या जेवणघरात शेवटच्या टेबलापर्यंत पोचत होता त्या आवाजात किल्ल्याच्या वाढप्याला हाक मारली, "बाळा, इकडचे पाव संपले बघ!"