तिसऱ्या वाफ्याची पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, भाताच्या वाफ्यात रोवलेली पत्र्याची. तेलाच्या डब्यातून मला कापलं आणि सर्जेरावांनी ऑइलपेंटनं माझ्यावर लिहिलं, ‘एकही रोप उपटू नये’. अक्षर सुरेख होतं. मला त्याचा तोराही होता.

अंथुर्ण्याजवळ, उसाला पाणी पाजून पाजून खारवट, चोपण झालेल्या जमिनीत सर्जेराव भाताचा नवा वाण शोधत होते. एकाच संकराचं बी त्यांनी तीन वाफ्यांत तीन रीतींनी वाढवलं. पहिल्यात दर वर्षी नजरेत भरतील ती रोपं निवडायची. दुसऱ्यात प्रत्येक रोपाचा एकेकच दाणा पुढे न्यायचा. तिसरा वाफा माझा. त्यात सगळं एकत्र पेरायचं, एकत्र कापायचं. निवड माणसानं करायची नाही, जमिनीनं करायची.

शेजारचे दोन्ही वाफे देखणे. माझ्याकडे उंच, बुटकी, वाकडी, सगळी खिचडी. पण सहाव्या वर्षी, सत्त्याण्णव साली, मीठ फुटलेल्या जागी माझीच बुटकी रोपं हिरवीगार राहिली. “एवढी पिकू द्या, वाण हातात आलाच,” म्हणत सर्जेराव दोन दिवस पुण्याला गेले.

खुरपणीला वरकुट्याच्या भामाबाई आल्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पिकात भेसळ औषधालाही सापडायची नाही. त्यांचं स्वतःचं दोन एकर वावर मिठानं पांढरं पडलेलं.

“सायेब माझ्या वावराचं बी काढाय लागल्यात. त्यांच्या रानात घाण ऱ्हाऊ दिऊ व्हय मी?” असं सोबतिणीला म्हणत त्यांनी बुटकी रोपं वेचून वेचून उपटली. मी हातभर अंतरावर उभी होते. त्यांना वाचता येत नव्हतं, मला ओरडता येत नव्हतं. जाताना त्यांनी माझ्यावरचा चिखलही पदरानं पुसला.

पीक पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना पाण्याची पाळी लांबली, मीठ वर आलं. उरलेली उंच रोपं पोचट निघाली, शेजारचे वाफेही करपले. राखून ठेवलेलं जुनं बी उगवलंच नाही.

“चूक माझी हाय. तोंडानं सांगायचं सोडून पाटी लावली,” सर्जेराव बांधावर बसून एकटेच म्हणाले. भामाबाईंना त्यांनी कधीच काही कळू दिलं नाही. प्रयोग बंद पडला.

मला भामाबाईंनीच मागून घरी नेलं. आता मी त्यांच्या रांजणावरचं झाकण आहे. सर्जेराव वाटेत भेटले की त्या अजून विचारतात, “सायेब, माझ्या वावराचं बी कवा येणार?”

हल्ली त्या साक्षरतेच्या वर्गाला जातात. दिसेल ते वाचतात, काडेपेटीसुद्धा सोडत नाहीत. काल पाणी घेताना माझ्यावर बोट ठेवून “ए... क...” इथवर आल्या.

कुणीतरी मला वाचावं म्हणून मी जन्मभर झुरले. भामाबाई, आता एवढंच करा. पाणी घेतलं की मला पालथी ठेवा.