कडी लावली की झाले?

मित्रांनो, कमरेएवढ्या उंचीचे, लाकडी पट्ट्यांचे एक जुने फाटक आज तुमच्याशी बोलत आहे. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मध्ये माझा मुक्काम. माझ्या खालच्या तीन पट्ट्यांवर दातांचे खोल व्रण आहेत. ते पाहून पाहुणे म्हणतात, "कुत्रा फारच द्वाड दिसतोय हो!" हे ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून आज खरे काय ते सांगूनच टाकते.

या घरातली आई घरीच शिवणकाम करते. बाबा बस चालवतात. त्यांच्या कुत्र्याचे नाव वादळ, आणि ते त्याला शोभतेच. त्याने नुसती शेपटी हलवली तरी टेबलावरची कात्री खाली! थोरली ठमी त्याच्याबरोबरच वाढली. धाकट्याची चाहूल लागली, तेव्हा आईच्या भावाने, सुतारमामाने, मला घडवले. बाळाच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून एकेक पट्टी त्याने हाताने घासली.

सुरुवातीचे महिने फार छान गेले. बाबा पहाटे वादळला मैदानावर पळवून आणत. मग दमलेला वादळ माझ्या पायाशी पसरून झोपे. बाळ झोपलेले असले की मी बंद, आणि आई त्याला घेऊन खाली बसली की मी उघडे. ती बाळाचा हात धरून वादळच्या पाठीवरून फिरवी. बाळाने मूठभर केस ओढले तर म्हणे, "अंहं, त्यालाही दुखतं." शेजारच्या काकू मला पाहून म्हणायच्या, "काय छान सोय केलीत!" मीही फुगून गेले होते, खोटे कशाला बोलू?

पुढे बाबांची पाळी पहाटेची झाली. आईकडे शाळेच्या गणवेशांचे ढीग आले. त्यातच बाळ रांगू लागले. बाबा म्हणत, "आज राहू दे, उद्या नेतो." उद्या उजाडला की पुन्हा उद्या! आई म्हणे, "दोन लेकरं, त्यात हा तिसरा. मला काय दहा हात आहेत?" तिचेही खोटे नव्हते. पण उपाय काय काढला? कडी लावली की झाले!

सकाळी लावलेली कडी संध्याकाळी निघे. वादळ स्वयंपाकघरात कोंडलेला येरझाऱ्या घाली, रडे आणि मग मला चावे. कंटाळलेल्या जिवाने दुसरे करावे तरी काय? तर यांनी माझ्या पट्ट्यांना तिखट चोळले. फिरायला न्यायला वेळ नाही, तिखट चोळायला आहे!

धडका सोसून माझ्या कडीचे स्क्रू ढिले झाले. ठमीने दोनदा सांगितले, "आई, कडी हलतेय." उत्तर एकच, "बघू गं."

एका दुपारी आई बाहेरच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर होती, बाळ शेजारी खेळत होते. बाळाने फेकलेला चेंडू माझ्यावर आपटून मागे गेला. चार दिवस घराबाहेर पाऊल न टाकलेल्या वादळने झेप घेतली. कडी निखळली. तो चेंडूकडे धावला, बाळाकडे नव्हे, हे मी स्वतः पाहिले आहे! पण त्याच्या धक्क्याने बाळ कलंडले आणि मशीनच्या लोखंडी पायावर त्याचे कपाळ आपटले. तीन टाके पडले.

बाबा संतापाने ओरडले, "उद्या हा इथे दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी एका गोदामाचा राखणदार वादळला घेऊन गेला. जाताना वादळ उड्या मारत होता. त्याला वाटले, अखेर कोणीतरी फिरायला नेतेय! मित्रांनो, त्या क्षणी मी आतून उभे चिरले.

आणि मला काय मिळाले? नवी पितळी कडी! ती बसवायला मामा आला. माझे व्रण पाहून त्याचा हात थांबला.

"ताई, वादळला फिरायला कोण नेत होतं?"

बाबा म्हणाले, "अरे, वेळ कुठे मिळतो?"

"मग दाजी, दोष त्याचा कसा? मी दार करून दिलं होतं. तुम्ही त्याची भिंत केलीत!"

आईला रडू फुटले. "चूक माझी आहे. पोर रडलं की मी त्याला कुशीत घ्यायचे. हा रडला की कडी तपासायचे."

ठमी तोवर चपला घालून उभी होती. "मग चला ना आणायला!"

वादळ परत आला, तेव्हा त्याच्या गळ्यावर साखळीचा लालभडक वळ होता. बाबांनी स्वतः मलम लावले.

आता बाबा कामावरून आले की बूटही न काढता त्याला घेऊन निघतात. सकाळी ठमीला शाळेत सोडताना आई बाळाला कडेवर घेते आणि वादळलाही नेते. जमले नाही तर काकू त्याला नेतात, म्हणजे खरे तर तोच त्यांना नेतो. गणवेश दोन दिवस उशिरा गेले, आभाळ काही कोसळले नाही. बाळ आणि तो एकत्र असले की मोठे माणूस जवळ बसलेले असतेच.

माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. मित्रांनो, लेकरे आणि कुत्रा एका घरात खुशाल वाढवा. कडीही जरूर लावा, पण तिच्यावर आपली जबाबदारी टांगून मोकळे होऊ नका. मी पडले लाकूड. कोणाला फिरायला न्यायला मला पाय नाहीत, जवळ घ्यायला मांडी नाही. तुम्हाला दोन्ही आहेत. मग बसलात काय? उठा, कोणीतरी वाट बघून थकले आहे.