एक थाप थांब, दोन थापा ये

मी एक जुना फाळका आहे, मित्रांनो. टेम्पोच्या मागे जे लोखंडी झाकण असतं ना, तो मी. सध्या भंगारवाल्याकडे पडून आहे. कंटाळलोय अगदी. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला गंजायचंसुद्धा नाही.

वेल्डरने मला घडवलं, पेंटरने माझ्यावर फुलं काढली आणि मी एका बापलेकांच्या टेम्पोला लागलो. लेक गाडी चालवायचा. म्हातारा फरश्या चढवायचा, उतरवायचा. गाडी मागे घेताना तो माझ्याजवळ उभा राहून मला तळहाताने बडवायचा. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे ये मागे. हमाल म्हणायचे, "काय जमतं हो बापलेकांचं!" मार मी खायचो आणि कौतुक त्यांचं व्हायचं. असो.

मग लेकाने हेडफोन आणले. सून रोज कटकट करायची, "अहो, गाडी चालवताना तरी काढा ते. पोलीस पकडतील."

"एकाच कानात घालतो गं. दुसरा मोकळा आहे की! कायद्यात बसतं," तो हसून म्हणायचा.

त्या दुपारी गोदामाच्या दगडी ओट्याकडे टेम्पो मागे येत होता. मध्ये म्हातारा उभा. त्याचा पाय ओट्यालगतच्या फरशीच्या फटीत अडकला. त्याने जिवाच्या आकांताने मला थाप मारली. गाडी थांबेना, म्हणून आणखी दोन मारल्या. पहिली थाप गाण्यात बुडाली. लेकाला ऐकू आल्या त्या पुढच्या दोन. दोन म्हणजे ये मागे! त्याने गाडी आणखी रेटली.

मी लोखंडाचा. मला बाजूला होता येईना की ओरडता येईना. म्हाताऱ्याचा उजवा हात माझ्या आणि ओट्याच्या मध्ये चिरडला. मी पार वाकलो.

काही दिवसांनी मला टेम्पोवरून उतरवायला दोघं बापलेक आले. म्हाताऱ्याचा हात मनगटापासून नव्हता. त्याच्याकडे बघून मला फार वाईट वाटलं.

"बाबा, एक कान मोकळा होता हो," लेक रडत म्हणाला. "नियमात होतो मी."

"असशील," म्हातारा म्हणाला. "पण गाडीमागे नियम उभा नव्हता रे. मी उभा होतो."

दंड किती, गुन्हा कोणता, ते कायदा बघून घेईल, मित्रांनो. तुमच्या गाडीमागे मात्र कुणाचा तरी बाप उभा असतो. दोन्ही कान त्याच्यासाठी ठेवा.